नाकापेक्षा नाव जड

‘कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा’ या म्हणीचा उत्तरार्ध कोकणात रोज पाहायला मिळतो. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर मोटारी, फटफट्या आणि माणसं शेजारी शेजारी उभी राहून खाडी ओलांडतात. पूर्वार्ध पाहायचा असेल तर मात्र उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जावं. तिथे रस्त्यावरच्या गाड्यांमागे नावाच नावा चाललेल्या असतात.

या राज्यातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं अभिमानाने छापलेलं असतं. दहा एकर आणि त्याहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. जाहिरातीत खऱ्यापेक्षा कमी सांगणारं सरकार जगात दुसरं क्वचितच सापडेल. नोंदणी झालेल्या बोटी आठ लाखांहून अधिक आणि माणसं साधारण सत्तावन्न लाख. म्हणजे सात माणसांमागे एक बोट. पाण्यावर फळ्या पायांत अडकवून बोटीमागे घसरत जाण्याचा खेळ १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने इथल्याच पेपिन तळ्यात सुरू केला. मासेमारीचा हंगाम मे महिन्याच्या मध्यावर उघडतो आणि तो मुहूर्त बऱ्याचदा नेमका मातृदिनाच्या शनिवार-रविवारी येतो. त्या दिवशी किती आयांच्या वाट्याला गुलाबाऐवजी वॉलाय मासा येतो, याची नोंद सरकार ठेवत नाही.

अशा मुलखात नोकरीसाठी गेलेला मराठी माणूस पहिली दोन वर्षं तळ्याकाठी चालतो, तिसऱ्या वर्षी भाड्याची होडी घेतो आणि सातव्या-आठव्या वर्षी घराचा हप्ता अंगवळणी पडला की बोटीच्या दुकानात ‘नुसतं बघायला’ जातो. नमुन्यादाखल असंच एक घर घेऊ. नवरा-बायको संगणकवाले, दोन मुलं, दारात एक सात आसनी व्हॅन आणि एक जुनी कोरोला. सहा महिन्यांसाठी सांगलीकडून आलेले आई-वडील. वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. घरात बोटीची चर्चा सुरू झाली, तेव्हा पोहता कुणाकुणाला येतं हा प्रश्न आईने विचारला आणि तो बहुमताने बाजूला ठेवण्यात आला. उरला एकच प्रश्न: आपली गाडी ओढेल का?

ओढेल. प्रश्नच चुकीचा असल्यामुळे उत्तर इतकं सोपं आहे. घोट्यापर्यंत चिखलात उतरलेला बैलसुद्धा गाडा ओढतो. गाडी थांबेल का, वळेल का, मागे जाईल का, आणि ओल्या उतारावरून परत वर येईल का, हे खरे प्रश्न. पण ते विचारले तर दुकानातून बोट घेऊन निघता येत नाही, म्हणून ते सहसा घरी आल्यावर विचारले जातात.

अमेरिकेतल्या घरगुती व्हॅनचा आकडा ठरलेला आहे. टोयोटा सिएना ३,५०० पौंड, होंडा ओडिसी ३,५०० पौंड, म्हणजे साधारण १,५९० किलो. हा आकडा आपल्या गृहस्थाला तोंडपाठ आहे. त्याने तो सहकाऱ्यांना ऐकवला आहे आणि रात्री झोपण्यापूर्वी बायकोलाही. आकडा कुठून येतो हे मात्र त्याने कधी पाहिलेलं नाही.

पूर्वी तिथला प्रत्येक कारखानदार आपापल्या मनाने ओढण्याचा आकडा सांगत असे आणि शेजारच्याचा आकडा पाहून पुढच्या वर्षी तो वाढवत असे. मग अभियंत्यांच्या संस्थेने एक सामाईक परीक्षा घालून दिली. तिचं नाव ‘जे २८०७’. नाव पंचांगातल्या योगासारखं गूढ असलं तरी परीक्षा अगदी रांगडी आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ, पायथ्याला शंभर अंश फॅरनहाइट, म्हणजे आपलं अडतीस सेल्सियसचं ऊन, आत एसी पूर्ण सोडलेला आणि मागे पूर्ण वजन. अशात गाडीचा वेग ताशी चाळीस मैलांखाली जाता कामा नये. शिवाय बारा टक्क्यांच्या चढावर उभं करून पाच मिनिटांत पाच वेळा जागचं हलून दाखवायचं. सगळं आहे. घाम काढणारी परीक्षा आहे. फक्त गाडीत माणसं किती धरायची? दोन. प्रत्येकी दीडशे पौंडांची.

म्हणजे आकडा खराच आहे, पण सात आसनी गाडीत दोनच सडपातळ माणसं बसली असतील तर. थोडक्यात, कुटुंबाची गाडी बोट सुखरूप ओढते. कुटुंबाने घरी थांबायची तयारी ठेवावी. काही होंडा गाड्यांच्या पुस्तिकेत तर याचं कोष्टकच दिलेलं असतं: आत इतकी माणसं, तर मागे इतके पौंड. माणसं वाढतील तसा ओढण्याचा आकडा उतरत जातो. एकत्र कुटुंबपद्धतीच्या विरोधात इतका सडेतोड पुरावा समाजशास्त्रज्ञांनाही मिळालेला नाही. पण ही पुस्तिका गाडीच्या पुढच्या खणात विमा, टिश्यू आणि केचपच्या पुड्यांखाली असते. तिथवर हात फक्त केचपसाठी जातो.

आता बोटीचं वजन. अठरा फुटी फायबरची बोट, इंजिनासकट २,३०० पौंड, असं पत्रकात छापलेलं असतं. हे कोरडं वजन. कोरडं म्हणजे लग्नाच्या खर्चात हॉलचं भाडं सांगावं तसं. बोट ज्याच्यावर बसते तो ट्रेलर ७०० पौंड. वीस गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंडांप्रमाणे १२०. बॅटरी ५०. नांगर, दोर, लाइफ जॅकेटं, गळ, बर्फाची पेटी मिळून २००. बेरीज ३,३७०. ‘बघ, ३,५००च्या आत!’ असं गृहस्थ टेबलावर हात मारून म्हणाला. वडील मान न उचलता म्हणाले, ‘काट्यावर घेतलीस का?’

ज्या माणसाने तीस गाळप हंगाम उसाच्या ट्रॉल्या तोलल्या, त्याला तोंडी वजन कळत नाही. अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रकतळांवर काटे असतात आणि थोड्या डॉलरांत कुणीही आपली गाडी तोलून घेऊ शकतो. पण त्या काट्यावर जाणाऱ्या बोटवाल्यांपेक्षा न जाणारे कितीतरी जास्त, कारण खरं वजन एकदा कळलं की ते विसरता येत नाही.

वडिलांनी मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि चालकाच्या दारापाशी थांबले. दार उघडल्यावर आतल्या खांबावर एक पिवळा-पांढरा कागद चिकटवलेला असतो. गाडीत बसणारी माणसं आणि सामान यांचं मिळून वजन अमुक पौंडांवर जाऊ नये, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. समजा १,२००. गृहस्थ ही गाडी पाच वर्षं चालवत होता. त्याने तो कागद प्रथमच वाचला.

ट्रेलर मागे असतो, पण सगळा मागे नसतो. त्याच्या दांडीचा भार गाडीच्या शेपटीवर, हिचच्या गोळ्यावर, येतो. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा असा अमेरिकेतला दंडक आहे, आणि हा भार दारावरच्या त्या १,२०० पौंडांतूनच वजा होतो. दहा टक्के धरले तर सुमारे ३४०. उरले ८६०. स्वतः गृहस्थ १९०, बायको १५०, मुलगा १२०, मुलगी ९०. झाले साडेपाचशे. आजोबा १६०, आजी १४०. एकूण ८५०. शिल्लक दहा पौंड. त्यात एक तर थालीपिठांचा डबा बसतो किंवा लोणच्याची बरणी, दोन्ही नाही. आणि दांडीचा भार पंधरा टक्के निघाला तर? तर ५०५ वजा, उरले ६९५, आणि कुटुंब १५५ पौंडांनी जास्त. म्हणजे नेमकं कुणाला उतरावं लागतं, हे हिशेब करणाऱ्यालाच सगळ्यात आधी कळलं. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली.

मग दांडीवरचा भार कमीच ठेवला तर? हा प्रश्न नातवाने विचारला आणि त्याचं उत्तर बैलगाडीत आहे. दोन चाकांच्या गाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेखालचे पट्टे गळ्याला काचतात. माल पुढे जास्त झाला की सगळा भार त्यांच्या मानेवर. जुना गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून जू हाताने उचलून बघत असे. बोटीच्या ट्रेलरचं तंतोतंत हेच आहे, फक्त बैल ताशी साठ मैलांनी धावतो. भार मागे गेला तर ट्रेलर शेपूट हलवू लागतो. आधी हळू, मग असा की शेवटी गाडी ट्रेलरला ओढते आहे की ट्रेलर गाडीला हलवतो आहे, हे आरशात पाहूनही ठरत नाही. भार पुढे फार झाला तर व्हॅनची शेपटी बसते, नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत किंवा थेट ध्रुवताऱ्यावर पडतात. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढावर जमीन सोडतात, ते दृश्य सांगली-कोल्हापूरकडच्या पोराबाळांनी पाहिलेलं असतं. व्हॅनला त्यातलं निम्मं जरी झालं तरी पुरे. स्टिअरिंग पुढच्या चाकांनाच असतं.

हा भार मोजायला घरातला वजनकाटा चालतो. बाथरूममधला. तो तीनशे पौंडांपुढे जात नसल्यामुळे एक युक्ती करतात: तीन फुटी फळी, एका टोकाला विटेचा आधार, दुसऱ्या टोकाखाली काटा, आणि दांडी विटेपासून एक फुटावर टेकवायची. काटा दाखवेल त्याची तिप्पट खरा भार. या घरात काटा ११९ वर थांबला. म्हणजे ३५७. बायकोचं म्हणणं, हा काटा तिच्या बाबतीत नेहमीच जास्त दाखवतो, तेव्हा बोटीलाही तीच सवलत मिळावी.

युरोपात गेलं तर सगळं आणखी गमतीचं होतं. अमेरिकेत टोयोटा आपल्या कोरोलामागे काहीही ओढू नका असं सांगते. तीच कोरोला ब्रिटनमध्ये १.८ लिटर हायब्रिड रूपात ७५० किलोंचा ट्रेलर अधिकृतपणे ओढते. अटलांटिक ओलांडताना गाडीच्या अंगात बळ कुठून आलं? बळाचा प्रश्नच नाही. तिकडे ट्रेलर लावला की वेगाची मर्यादा खाली येते. ब्रिटनमध्ये मोटरवेवर साठ मैल, जर्मनीत एरवी ताशी ऐंशी किलोमीटर. दांडीवरचा भारही तिकडे पाच-सात टक्क्यांवर भागवतात. सावकाश जाणाऱ्याला कमी ताकदीची गाडी पुरते. शिवाय अमेरिकेत वकील जास्त.

रस्त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण सरळ रस्त्यावर सगळेच शहाणे असतात. वेग ५५ चा ६५ केला की चालत्या वजनाची ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते आणि ती सगळी ब्रेकांना जिरवावी लागते. म्हणून अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ट्रेलर डोलू लागला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि काहीही करायचं नाही. मराठी माणसाला संकटात काहीही न करणं जमत नाही. तो ब्रेक दाबतो, स्टिअरिंग फिरवतो, शेजारी बसलेल्याला ‘तू गप्प बस’ म्हणतो. यातलं तिसरं निरुपद्रवी आहे.

खरा कस लागतो तो तळ्याच्या काठी, बोट रॅम्पवर. पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार, बारा ते पंधरा टक्क्यांचा, खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत, वर रांगेत सात पिकअप ट्रक, आणि त्या सगळ्यांना आज दुसरा उद्योग नाही. इथे ट्रेलर मागे घ्यायचा असतो. ट्रेलरला डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. तो जितका आखूड, तितका झटकन आडवा होतो, त्यामुळे छोटी बोट घेतली म्हणजे काम सोपं होईल ही समजूतही रॅम्पवरच सुटते. एक जुनी युक्ती आहे: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा, मग हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो. ही युक्ती गृहस्थाने तीन व्हिडिओंत पाहिली होती. पण बाहेर उभी राहून दिशा दाखवणाऱ्या बायकोने ते व्हिडिओ पाहिलेले नव्हते. ती म्हणते ‘डावीकडे’, म्हणजे ट्रेलर डावीकडे. तो समजतो, स्टिअरिंग डावीकडे. विवाहसंस्थेची झीज मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी रॅम्पच्या बाजूला खुर्ची टाकून बसावं. शेवटी आजोबा पुढे झाले. त्यांनी ट्रेलरच्या बाजूवर हाताने थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!’ सुरू केलं, आणि मालट्रकच्या किन्नराची ही भाषा गृहस्थाला दहा वर्षांच्या परदेशवासानंतरही तात्काळ कळली.

बूच ही आणखी एक गोष्ट. बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी पाणी काढून टाकण्यासाठी भोक असतं आणि त्याला बूच. पाण्यात जाताना ते लावलेलं असलं पाहिजे, हे ओघाने आलंच. पण मिनेसोटाचा कायदा सांगतो की रस्त्यावरून नेताना ते काढलेलं असलं पाहिजे, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे उपरे जीव एका तळ्यातल्या पाण्याबरोबर दुसऱ्यात जातात. कायदा योग्यच आहे. त्याचा परिणाम मात्र असा की राज्यातली प्रत्येक बोट रॅम्पवर बूच नसलेल्या अवस्थेत येऊन पोहोचते आणि पुढचं सगळं एका माणसाच्या स्मरणशक्तीवर सोपवलेलं असतं. ते बूच सध्या कुठे आहे? घरी, किल्ल्यांच्या वाटीत. आणि विसरून बोट पाण्यात गेलीच, तर आत येणारं पाणी गॅलनला आठ पौंडांहून थोडं जास्त भरतं. पन्नास गॅलन म्हणजे चारशे पौंड. ते पेट्रोलच्या किंवा लोणच्याच्या हिशेबात कुणी धरलेलं नसतं.

बूच मिळालं (दुकान तळ्याकाठीच होतं, असा धंदा तिथे चालणारच), बोट उतरली, दिवस चांगला गेला. संध्याकाळी बोट परत ट्रेलरवर चढवली आणि मग कळलं की व्हॅन पुढच्या चाकांवर चालते. हिचवरचा भार मागे दाबतो, उतारामुळे उरलेलं वजनही मागे सरकतं, आणि पुढची चाकं ओल्या काँक्रीटवर नुसती गरगर फिरतात. रबराचा वास येतो, गाडी हलत नाही. ॲरिझोनाच्या त्या रांगड्या परीक्षेत शेवाळ नव्हतं. ओडिसी फक्त पुढच्या चाकांचीच मिळते. सिएना चारही चाकांवर चालणारी घेता येते, पण ही घेताना त्यासाठी लागणाऱ्या जादा दोन हजार डॉलरांत बायकोने सोफा घेतला होता. त्या सोफ्याची आठवण रॅम्पवर कुणीही काढली नाही, हे दोघांच्याही संयमाला शोभेसं होतं.

मागच्या पिकअपवाल्याने काही न बोलता दोर काढला आणि पुढच्या हुकाला लावला. तिथली माणसं मदत करताना फार बोलत नाहीत, पण बघतात खूप.

त्या दिवसापासून या घरात नियम ठरला. बोट ओढायची ती व्हॅनने, आणि व्हॅनमध्ये दोघंच. आजी-आजोबा, मुलं, थालीपिठं, लोणचं आणि डबीत घातलेलं सुटं बूच, सगळ्यांनी मागून कोरोलातून यायचं. चालवायची सुनेने. जिच्यामागे काहीच ओढायचं नाही असं लिहिलंय तीच गाडी आता सगळं घर वाहते. व्हॅनमध्ये गृहस्थाच्या शेजारी दुसरं कुणी उरत नसल्यामुळे दीडशे पौंडांची एक जागा रिकामीच जाते, पण नियम तो नियम.

पुढच्या शनिवारी ही वरात निघाली. पुढे व्हॅन, मध्ये बोट, मागे कोरोला. पहिल्याच चौकात आजोबांनी सुनेकडून फोन मागून घेतला.

‘अरे, तुझा ट्रेलर उजवीकडे वळायचा दिवा दाखवतोय आणि तू चाललायस डावीकडे. नक्की कुठल्या तळ्यावर जायचंय?’